अण्णांचा ‘व्हय’

मोबाईलवरच्या व्हिडिओत अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. कॅमेऱ्यामागून निर्मात्याचा आवाज आला, "अण्णा, तुमचा आवाज आपण दुसरीकडून करून घेऊ का? चालेल ना तुम्हाला?"

अण्णांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय."

व्हिडिओ तिथंच संपला.

"झालं की सर," दिग्दर्शक कौस्तुभ म्हणाला. "परमिशन ऑन रेकॉर्ड आहे."

"परत लाव," मी म्हणालो.

त्यानं परत लावला. मी डोळे मिटून ऐकला. मग आणखी एकदा ऐकला.

"कौस्तुभ, हा होकार नाही. हा नकार आहे."

तो हसला. तरुण, सरळ मुलगा. पुण्याचा. पहिलाच सिनेमा होता त्याचा. "सर, ते ‘व्हय’ म्हणतायत. व्हय म्हणजे हो."

"शब्द ‘हो’ आहे. बोलण्यातला सूर ‘नाही’ आहे."

नगरच्या सावेडी भागातल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही बसलो होतो. साउंड बघणारी शिवानी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्यासमोर पडद्यावर अण्णांचाच चेहरा थांबवून ठेवलेला होता. तोंड अर्धवट उघडं, बोलता बोलता गोठलेलं.

सोपानअण्णा म्हणजे कोल्हारचे. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, आणि नोकरी सांभाळून आयुष्यभर नाटकं केली. मी नगरच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. पाव पोचवायला कारखान्याच्या कॅन्टीनला जायचो. तिथं एका रिकाम्या गोडाऊनमध्ये त्यांची तालीम चालायची. मी दारात उभा राहून बघायचो. एकदा एक नट आला नाही, तर अण्णांनी मला आत बोलावलं आणि हातात कागद दिला. "वाच," म्हणाले. मी वाचलं. "आवाज चांगला आहे," म्हणाले, "पण पाव विकल्यासारखा वाचू नको." तिथून माझं नट होणं सुरू झालं.

पुढं मी बरंच काय काय केलं. स्पर्धेची नाटकं केली. मालिकांमध्ये तलाठी झालो, हवालदार झालो, नवरीचा मामा तर इतक्या वेळा झालो की बाजारात लोक मला मामाच म्हणतात. पोट मात्र आवाजावर चाललं. खतांच्या जाहिराती, गावोगावच्या गाड्यांवर वाजणाऱ्या घोषणा, शिंगणापूरच्या वाटेवरच्या एका हॉटेलाचं ‘या, बसा, गरमागरम जेवण तयार आहे’, परदेशी प्राण्यांच्या कार्यक्रमांचं मराठी निवेदन. लहान मुलांच्या एका कार्टूनमधलं सुस्त अस्वल मी आहे. माझी नात ते बघते आणि तिला अजून खरं वाटत नाही.

म्हणून कौस्तुभनं मला बोलावलं होतं. त्याचा सिनेमा जामखेडकडच्या एका गावातला. अण्णा त्यात रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. थोरल्या बहिणीशी भांडून वर्षानुवर्षं बोलणं टाकलेलं, आणि शेवटी एका दुपारी ते तिच्या दारात जाऊन उभे राहतात, अशी गोष्ट. शूटिंग चांगलं झालं होतं. पण माळावरचा वारा असा होता की बाहेरच्या प्रसंगांतला आवाज सगळा घोंघावून गेला.

अशा वेळी डबिंग करतात. नट स्टुडिओतल्या बंद खोलीत उभा राहतो, समोर पडद्यावर स्वतःचं चित्र बघतो आणि ओठांच्या हालचालीला जुळवून तीच वाक्यं परत म्हणतो. आधाराला कानात लोकेशनवरचा कच्चा आवाज असतो, त्याला आम्ही पायलट म्हणतो. आपण त्या क्षणी कसं बोललो होतो, ते पायलट सांगतो. शूटिंग संपल्यावर अण्णांनी डबिंगला यायचं होतं. त्याआधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे काय, हे मलाही नीट माहीत नव्हतं. डॉक्टरांनी अण्णांच्या बायकोला, कुसुमकाकूंना समजावलं ते असं. त्यांना ऐकलेलं समजतं. काय म्हणायचं ते मनात असतं. पण शब्द हाताशी येत नाही. काही लोकांच्या तोंडात एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि काहीही म्हणायचं असलं तरी तोच बाहेर पडतो. अण्णांच्या तोंडात ‘व्हय’ राहिला होता.

"मग नाही म्हणायचं असेल तर ते काय म्हणतात?" शिवानीनं विचारलं.

"व्हयच म्हणतात," मी म्हणालो. "हाच तर घोटाळा आहे."

कौस्तुभनं पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सर, उलटा अर्थ काढायचा म्हटलं तर कशाचाही निघेल. तुम्हाला कशावरून वाटतंय?"

मी त्याला सांगितलं. तालमीत एखाद्या नटानं काही भलतीच सूचना केली, की अण्णा त्याला तोडायचे नाहीत. मान जरा खाली घालून, नाकातून श्वास सोडत म्हणायचे, "व्हय." शब्द खाली पडायचा, विहिरीत दगड टाकल्यासारखा. आम्हाला सगळ्यांना कळायचं की हे होणार नाही. त्या व्हिडिओत तोच पडलेला ‘व्हय’ होता.

"हे कोर्टात चालणार नाही," कौस्तुभ म्हणाला.

"कोर्टात कोण चाललंय? मी कोल्हारला चाललोय."

तो ‘नाही’ म्हणाला नाही, त्याचं कारण वेगळंच होतं. त्याच्याकडे दोन पर्याय होते आणि दोन्ही अडले होते. पहिला पर्याय कॉम्प्युटरचा. घरातल्या प्रसंगांमध्ये अण्णांचा आवाज स्वच्छ आला होता. तो कॉम्प्युटरला ऐकवला की त्याच आवाजात नवी वाक्यं तयार होतात. त्यानं नमुना करून घेतला होता आणि तो थक्क करणारा होता. आवाज हुबेहूब अण्णांचा. फक्त सगळी वाक्यं एकाच मापाची वाटायची. दुसरा पर्याय मी. मी सकाळपासून टेक देत होतो. अण्णांची नक्कल मला विशीपासून येते, सहलीच्या बसमध्ये करून मी लोकांना हसवलेलं आहे. आवाज जुळत होता. ओठही जुळत होते. ‘प’ला, ‘भ’ला ओठ मिटतात, ती जागा चुकली की प्रेक्षकाला लगेच कळतं. तिथं मी चुकत नव्हतो. तरी ऐकताना नक्कल वाटत होती.

सगळ्यात अवघड तो दाराचा प्रसंग. तिथं पायलटमध्ये शब्दच नव्हते, नुसता वारा. वाक्यं कागदावर होती: "आक्के, मी भांडाया न्हाई आलो. दमलोय. पानी दे." ती त्या दुपारी अण्णा कशी बोलले, हे फक्त अण्णांना माहीत होतं. कौस्तुभला विचारलं, तर तो म्हणाला, "भारी बोलले होते सर. सगळं युनिट शांत झालं होतं. पण कसं ते आता सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हारला गेलो. कॉम्प्युटरचा नमुना मुद्दाम मोबाईलमध्ये घेतला होता. न ऐकवताच त्यांच्या वतीनं मी नको म्हणणं हेही बरोबर नव्हतं.

कुसुमकाकूंनी दार उघडलं. वयानं सत्तरीच्या पुढच्या, पण कामाचा उरक तोच. "ये रे निसार. कालपासून तुझी वाट बघाया लागलेत. मी सांगितलं हुतं, येनारंय म्हनून."

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, स्वच्छ बंडी. मला बघून त्यांचा डावा हात वर आला. "व्हय, व्हय, व्हय!" म्हणाले. तो ‘ये, ये, बस’ होता, त्यात काही शंका नव्हती.

काकूंनी चहा आणला. "च्या घेता का म्हटलं तरी व्हय, नको का म्हटलं तरी व्हय," त्या मला म्हणाल्या. "म्हनून मी इचारतच न्हाई. कप म्होरं धरते. घेतला तर पायजे, ढकलला तर नको."

त्यांनी कप पुढं धरला. अण्णांनी घेतला.

"काकू, निर्माते आले होते ना व्हिडिओ घ्यायला? तेव्हा तुम्ही घरात होता?"

"मी दवाखान्यात गोळ्या आनाया गेल्ते. आले तवा ते निघाले हुते. त्या दिवशी ह्यांनी जेवन केलं न्हाई. मला वाटलं, तब्येतीमुळं."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मी अण्णांजवळ खुर्ची ओढून बसलो. सगळं सरळ सांगितलं. वारा कसा शिरला, डबिंग का करावं लागतंय, कॉम्प्युटर काय करतो. ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते. डोळे तसेच, तालमीत असायचे तसे. मी म्हणालो, "आधी ऐका. मग ठरवा." आणि नमुना लावला.

मोबाईलमधून अण्णांचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, आजारापूर्वीचा. "आक्के, मी भांडाया न्हाई आलो."

आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. काकू पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या. "बोलले? ह्ये बोलले का?"

मी मोबाईल बंद केला. काकूंनी माझ्या हातातला मोबाईल बघितला, अण्णांकडे बघितलं आणि त्यांना कळलं. भिंतीला टेकून त्या तिथंच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

अण्णांनी डावा हात लांब केला आणि माझ्या हातातला मोबाईल बाजूला सारला. जोरात नाही. चहाचा कप नको असताना सारावा तसा. "व्हय," म्हणाले. तोच पडलेला ‘व्हय’.

व्हिडिओतल्या ‘व्हय’चा अर्थ आता मला विचारायचा उरला नव्हता. तरी मी मोबाईल परत पुढं केला आणि विचारलं, "हे नको?" त्यांनी परत सारला. आणखी एकदा केला. आणखी एकदा सारला. मी कौस्तुभला तसंच सांगणार होतो, की एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय.

रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. त्यांचा आवाज लांब जाऊ दिला.

मग मी म्हणालो, "अण्णा, मग मी करू? माझ्या आवाजात?"

"व्हय," ते म्हणाले. हा मात्र मला कळला नाही. मधलाच होता. वर नाही, खाली नाही.

मी दाराच्या प्रसंगाची चित्रफीत काढली आणि माझा कालचा टेक ऐकवला. माझ्या टेकमध्ये म्हातारा गहिवरलेला होता. ‘आक्के’ म्हणतानाच आवाज भरून यायचा, आणि ‘पानी दे’ला तर हुंदकाच. कौस्तुभला तो आवडला होता.

अण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "व्हय!" मला चाळीस वर्षांपूर्वी गोडाऊनमध्ये ऐकलेली शिवी आठवली. अर्थ तोच होता.

"काय चुकलं?"

त्यांनी बोटानं मोबाईलकडे खूण केली. आवाज बंद कर. मी आवाज बंद करून चित्र पुन्हा लावलं. पडद्यावरचे अण्णा दारापाशी आले, चौकटीला हात लावला. आणि खुर्चीतले अण्णा बोलायला लागले.

"व्हय-व्हय, व्हय व्हव्हय व्हय व्हय."

भरभर. कोरडं. थोडं चिडून, जसं बसमध्ये पॅसेंजरला ‘पुढं सरका’ म्हणावं. मग थांबले. "व्हय." सपाट, नुसती माहिती दिल्यासारखं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. पडद्यावर म्हाताऱ्यानं कपाळ चौकटीला टेकवलं. खुर्चीतल्या अण्णांनी नाकातून श्वास सोडला. आणि अगदी बारीक, लहान पोरानं आईला म्हणावं तसं, "व्हय व्हय."

पानी दे.

काकू भिंतीपाशी बसून रडत होत्या, पण मघासारखं नाही. "ह्ये असंच म्हनायचे," त्या म्हणाल्या. "शूटिंगच्या आधी घरात असंच म्हनून बघायचे. मला दार लावून आत उभं करायचे."

मी चित्र पुन्हा लावलं. अण्णा परत म्हणाले. अगदी तसंच. शब्द गेले होते, पण बोलण्याची चाल सगळी जाग्यावर होती. आम्ही नट ज्याला चाल म्हणतो ती म्हणजे कुठं चढायचं, कुठं उतरायचं, कुठं थांबायचं. नट वाक्य विसरला तरी चाल विसरत नाही. हे मी नवशिक्यांना शिकवत आलोय. ते इतकं शब्दशः खरं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी त्यांच्या मागं मागं म्हणायला लागलो. त्यांचा ‘व्हय’, माझे शब्द. चुकलं की थाप. बरोबर आलं की गप्प. कुणाला बरोबर आल्यावर शाबासकी द्यायची त्यांची पद्धत तेव्हाही नव्हती.

जाताना काकूंना म्हणालो, "काकू, ह्यांना स्टुडिओत नेलं तर? हा एकच प्रसंग नाही, बाहेरचे सगळेच आहेत. ते शेजारी बसले तर मला जमेल."

काकूंचा चेहरा बदलला. "नगरपत्तुर? त्या रस्त्यानं? बीपी हाय त्यांना. हिसके बसले म्हंजी?"

"डॉक्टरांना विचारू. ते नाही म्हणाले तर विषय संपला."

"आन कुनी परत त्यांच्या तोंडाम्होरं मोबाईल धरला म्हंजी?"

"मी धरू देणार नाही."

त्यांनी अण्णांकडे बघितलं. मग खुंटीवरची त्यांची टोपी काढली आणि पुढं धरली. अण्णांनी ती डाव्या हातानं घेतली आणि तिथंच डोक्यावर घातली. वाकडी बसली. काकूंनी सरळ केली. "बरं," म्हणाल्या. "पन मी आत बसनार."

नगरला येऊन कौस्तुभला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. काकू धावत बाहेर आल्या ते ऐकताना तो खाली बघत होता. मग म्हणाला, "सर, निर्माते म्हणतील, पेशंटला आणून काही झालं तर कोण जबाबदार? आणि शब्द तर तुम्हीच बोलणार. मग अण्णा कशाला?"

"अण्णा डायरेक्शन देणार."

"एका शब्दात?"

"तू किती शब्दांत देतोस?"

तो हसला. मग म्हणाला, "नमुना मी काढून टाकतो." आणि माझ्यासमोर काढून टाकला. निर्मात्याशी तोच बोलला. काय बोलला ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली, दमवायचं नाही आणि मधे मधे आडवं करायचं, या अटीवर. सकाळच्या उन्हात गाडी सावकाश चालवत आम्ही त्यांना आणलं. स्टुडिओत जिना नव्हता, हे एक बरं होतं. शिवानीनं आतल्या खोलीत गाद्या टाकून ठेवल्या होत्या.

पहिला अर्धा तास फुकट गेला. अण्णा माझ्या शेजारी खुर्चीत, काकू मागच्या स्टुलावर, मी माईकसमोर. मी बोललो की शिवानी काचेपलीकडून हात करायची. "काका, दोन श्वास येतायत. तुमचा आणि अण्णांचा."

साधारण नियम असा, की माईकजवळ बोलणारा सोडून दुसऱ्या कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. अण्णांना बाहेर बसवावं लागेल असं कौस्तुभ म्हणाला. बाहेरून काचेतून ते मला दिसले असते, पण ऐकू आले नसते. मग चाल कशी मिळणार? काकू उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं आपल्यामुळं अडचण झाली.

शिवानी मात्र कानाला हेडफोन दाबून काहीतरी परत परत ऐकत होती. तिनं मला काचेपलीकडे बोलावलं. "काका, हे ऐका. तुमची वाक्यं मी कापून काढलीत. नुसता मागचा श्वास ऐका. आणि चित्र बघा."

मी बघितलं. पडद्यावरचे अण्णा वाक्याआधी छाती भरून घेत होते, आणि त्याच क्षणी कानात श्वास येत होता. जिथं ते थांबले तिथं तो थांबत होता. खुर्चीत बसलेला माणूस त्या प्रसंगात परत उभा होता आणि त्याचा श्वास ओठांशी जुळत होता. मी सकाळपासून रात्रीपर्यंत प्रयत्न करूनही माझा श्वास तसा पडला नसता. माझी नक्कल नक्कल का वाटत होती, ते तिथं कळलं. मी आवाज त्यांचा काढत होतो आणि श्वास माझा घेत होतो.

"दुसरा माईक लाव," मी म्हणालो. "अण्णांसमोर."

मग काम सुरू झालं. एक माईक मला, एक त्यांना. प्रत्येक प्रसंगाचे लहान तुकडे करून ते पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवतात, त्याला लूप म्हणतात. पहिल्या फेरीत अण्णा ‘व्हय’मध्ये चाल सांगायचे. दुसऱ्या फेरीत मी शब्द बोलायचो. तिसऱ्या फेरीत मी गप्प, आणि अण्णा नुसते बघत बसायचे. त्यात त्यांचे श्वास, खोकणं, घसा खाकरणं, हसणं, कण्हणं सगळं त्यांचंच शिवानी टिपायची. हसायला त्यांना शब्द लागत नव्हते. सिनेमात एका ठिकाणी म्हातारा नातवाची सायकल ढकलताना हसतो. तिथं अण्णा असे हसले की काचेपलीकडे कौस्तुभही हसायला लागला.

मधे एकदा त्यांना आडवं केलं. काकूंनी पाय दाबले. मला वाटलं, आता आजचं पुरे. पण थोड्या वेळानं त्यांनीच टोपीकडे हात केला.

दाराचा प्रसंग शेवटी ठेवला होता. अण्णांनी चाल सांगितली, कोल्हारला सांगितली होती तशीच. मी बोललो. भरभर, कोरडं. "आक्के, मी भांडाया न्हाई आलो." थांबलो. "दमलोय." मग ती लांब शांतता. शेजारून अण्णांचा श्वास बाहेर पडलेला मला ऐकू आला, आणि त्याच्यामागोमाग ‘पानी दे’ आपोआप निघालं. मी ते ठरवून म्हटलं नाही.

अण्णांकडे बघितलं. थाप नव्हती. ते गप्प होते.

कौस्तुभनं काचेपलीकडून विचारलं, "सर, सेफ्टीला आणखी एक घेऊ?"

"अण्णांना विचार."

त्यानं आत येऊन विचारलं. विचारताना तो गुडघ्यावर बसला. "अण्णा, हा ठेवू?" आणि हाताचा तळवा पुढं धरला. तशी पद्धत त्याला कुणी शिकवली नव्हती, त्यानं स्टुडिओत काकूंना कप धरताना बघितलं असणार. अण्णांनी आपला डावा हात त्याच्या हातावर ठेवला.

सिनेमा पूर्ण झाला तेव्हा नावांच्या पाट्यांवरून थोडी चर्चा झाली. कौस्तुभला ‘अण्णांचा आवाज: निसार शेख’ असं द्यायचं होतं. मला ते बरोबर वाटेना. शेवटी शिवानीनं सुचवलं, "‘आवाज’ नको, ‘काही प्रसंगांतले शब्द’ असं लिहा." तसं लिहिलं.

नगरमधल्या एका हॉलमध्ये ओळखीच्या लोकांसाठी खेळ ठेवला होता. अण्णा पहिल्या रांगेत होते. संपल्यावर आमच्या जुन्या नाटकातला एक मित्र त्यांना भेटायला आला. त्याला आजाराचं नीट माहीत नव्हतं. "अण्णा, आवाज मात्र अजून खणखणीत हां!" म्हणाला. अण्णांचा ‘व्हय’ त्याला अगदी बरोबर जागी मिळाला. मग तो माझ्याकडे वळला. "निसार, तू नव्हतास का रे पिक्चरमध्ये? हल्ली काम मिळत नाही का?"

मी म्हणालो, "चाललंय थोडंफार."

काकूंना विचारलं, कसं वाटलं. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "फक्त ‘आक्के’ जरा शहरातलं झालं. बाकी मी डोळे मिटून ऐकलं." नंतर मी घरी तो तुकडा परत ऐकला. त्यांचं बरोबर होतं. शिवानीला सांगून दुरुस्त करून घेतलं.

अण्णा आता स्पीच थेरपीला जातात. त्यांना आणखी काही शब्द यायला लागलेत. त्यातला एक शब्द चारचौघांत म्हणता येण्यासारखा नाही, आणि काकूंच्या मते तोच सगळ्यात स्पष्ट येतो.

या कामातून मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे शूटिंग संपलं, की डबिंग पुढं ढकलायचं नाही, लगेच उरकून टाकायचं. दुसरी म्हणजे, पुढंमागं आपल्याला बोलता आलं नाही, तर आपल्या आवाजाबद्दल कुणाला विचारायचं ते आधीच ठरवून करारात लिहायचं. मी माझ्या बायकोचं, रेहानाचं नाव लिहिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "मला विचारायला आले, तर मी सरळ नाही म्हणणार आहे. इतकी वर्षं ऐकलाय, तेवढा पुरे." मी सही केली. वकील म्हणाले, कलम अगदी स्पष्ट आहे.